रेकॉर्डिंग करताना लॅपटॉप तापतो? नवं साउंड कार्ड घेण्याआधी हे वाचा

"साउंड कार्ड जोडलं की लॅपटॉप इस्त्रीसारखा तापतो," ही तक्रार घेऊन आमच्या सांगलीच्या दुकानात भजनी मंडळातले लोक येतात, गाण्याचे क्लास घेणारे येतात, तानपुऱ्याचा आवाज टिपून गिऱ्हाइकाला पाठवणारे मिरजेचे कारागीरही येतात. काहींनी तर त्या खोक्यालाच (बाहेरून जोडायचं साउंड कार्ड, म्हणजेच ऑडिओ इंटरफेस) दोषी धरून दुसरा इंटरफेस विकतही घेतलेला असतो. तो खर्च बहुतेक वेळा वाया जातो.

हिशेब साधा आहे. यूएसबी २.० पोर्टमधून इंटरफेसला ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर, म्हणजे फार तर २.५ वॉट मिळतात. यूएसबी ३.० असेल तर ४.५. वेगळी वीज लागणाऱ्या कंडेन्सर माइकचे ४८ व्होल्टसुद्धा त्यातूनच तयार होतात. याउलट लॅपटॉपचा प्रोसेसर कामाला जुंपला की एकटाच १५ ते ४५ वॉट खातो. ऊब येते ती तिथून. इंटरफेसचा डबा हाताला कोमट लागला तर घाबरू नका, ते नेहमीचंच.

मग इंटरफेस जोडल्यावरच का तापतो? कारण तेव्हाच तुम्ही बफर, म्हणजे प्रोसेसर एका खेपेला उचलतो तो आवाजाचा तुकडा, कमी करता. हौदातलं पाणी घागरीने आणायचं की वाटीने, असा हा प्रश्न. ४८,००० सॅम्पल रेटवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने घेताना, बफर ५१२ नमुन्यांचा ठेवला तर प्रोसेसरला सेकंदाला साधारण ९४ खेपा पडतात. ६४ ठेवला तर ७५०. वाटीने आणलेलं पाणी लवकर पोचतं, म्हणून हेडफोनमध्ये आपलाच आवाज उशिरा येत नाही. पण प्रोसेसरला दम खायला वेळ उरत नाही. त्यात रिव्हर्बचे (आवाजाला घुमारा देणारे) चार प्लगइन चालू असले की पंखा घरघरायला लागतो. प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या आसपास गेला की स्वतःचा वेग कमी करतो, खेप चुकते, आणि रेकॉर्डिंगमध्ये चरचर, टिकटिक उमटते. लोक माइकची वायर बदलत बसतात.

गाताना बफर १२८ किंवा २५६ ठेवा आणि इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असेल तर तेच वापरा. मग आवाज लॅपटॉपमधून फिरून येत नाही आणि बफर मोठा असला तरी चालतो. मिक्सिंगला बसलात की ५१२ किंवा १०२४. झालेले ट्रॅक फ्रीझ करून टाका, म्हणजे त्यांचे प्लगइन पुन्हा पुन्हा चालत नाहीत. भजनाला ९६,००० चा सॅम्पल रेट कशाला हवा, हे आम्हाला अजून कळलेलं नाही. ४८,००० पुरे, काम निम्म्यावर येतं. विंडोजमध्ये इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाची ने-आण लवकर करणारं सॉफ्टवेअर) टाकलेला आहे ना, हेही बघा.

आता खोलीकडे या. रेकॉर्डिंगसाठी तुम्ही खिडक्या लावता, छताचा पंखा बंद करता, आणि लॅपटॉप ठेवता गादीवर किंवा सतरंजीवर. एप्रिलात आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. आतला पंखा ओढणार ती हवा त्याच कोंडलेल्या खोलीतली, आणि गादीने खालची जाळी तर बंदच केलेली. पाटावर ठेवा, मागची बाजू दोन लाकडी ठोकळ्यांवर उचला. दोन टेकच्या (रेकॉर्डिंगच्या दोन फेऱ्यांच्या) मध्ये पंखा लावून खोली मोकळी करा. तानपुऱ्याच्या जवारीखाली लॅपटॉपची घरघर लपत नाही, म्हणून लॅपटॉप माइकच्या पाठीमागे आणि लांब ठेवा. त्यासाठी यूएसबीची वायर वाढवू नका. माइकची एक्सएलआर वायर दहा मीटरची घेतली तरी बिघडत नाही.

धुळीचं म्हणाल तर इथली धूळही इथलीच. मार्केट यार्डाच्या बाजूचा लॅपटॉप उघडला की हिटसिंकवर (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्यांवर) हळदीचा पिवळा थर निघतो, आणि कारखान्याजवळच्या गावातून आलेल्यात गाळप हंगामातली काजळी. असा थर बसला की वरच्या कुठल्याही सेटिंगचा उपयोग नाही. घरी ब्लोअर मारणार असाल तर मशिन पूर्ण बंद करा आणि पंख्याचं पातं काडीने अडवून धरा; भन्नाट फिरलं तर बेअरिंग जातं. जुन्या लॅपटॉपची वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हिटसिंकच्या मधला लेप) मात्र आमच्याकडेच बदलून घ्या.

टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला, किंवा झाकण नीट मिटेना, तर बॅटरी फुगली आहे. तेव्हा चार्जिंग लगेच थांबवा. दाबून बसवू नका.

दुकानात येताना लॅपटॉपसोबत चार्जर, इंटरफेस आणि त्याची नेहमीची वायर आणा. नुसता लॅपटॉप आणलात तर टेबलावर तो थंडच राहतो, आणि तुम्ही म्हणता, "घरी तापतो हो!" निघण्यापूर्वी रेकॉर्डिंगची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या.