वेस्ट हीट बॉयलर आणि डिझाइन कोडची निवड: पार्श्वभूमी

कोळसा किंवा बगॅस जाळणाऱ्या बॉयलरला कोणता डिझाइन कोड लावायचा, यावर सहसा वाद होत नाही. तो भारतात बसणार असेल तर आयबीआर (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स), अमेरिकेत सेक्शन वन (एएसएमई या अभियंत्यांच्या संघटनेच्या कोडचा बॉयलरविषयक भाग) आणि युरोपात वॉटर ट्यूब किंवा शेल बॉयलरची ईएन (युरोपीय) मानके, हे ठरलेलेच असते. वाद होतो तो प्रक्रियेतल्या गरम वायूवर वाफ तयार करणाऱ्या वेस्ट हीट बॉयलरबाबत. सल्फ्युरिक ॲसिडच्या प्लांटमध्ये गंधक जाळल्यावर निघणारा हजार अंशांच्या आसपासचा वायू ज्या पात्रात थंड होतो, ते पात्र एका देशात बॉयलर मानले जाते आणि दुसऱ्या देशात हीट एक्स्चेंजर. त्यानुसार त्याची जाडी, वेल्डची तपासणी, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि कागदपत्रे बदलतात. हा भेद कुठून आला, हे पाहिल्याशिवाय आजची निवड नीट करता येत नाही.

बॉयलरचे कायदे अपघातांतून जन्मले. कलकत्त्यात १८६३ मध्ये झालेल्या स्फोटानंतर बंगालमध्ये १८६४ साली तपासणीचा कायदा आला, पुढे इतर प्रांतांनी आपापले कायदे केले, आणि त्यांतली विसंगती दूर करण्यासाठी १९२३ चा अखिल भारतीय कायदा झाला. आज वापरात असलेले नियम १९५० चे आहेत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील ब्रॉक्टन येथे १९०५ साली बुटांच्या कारखान्यातील बॉयलर फुटून ५८ माणसे दगावली. त्यानंतर १९०७ मध्ये त्या राज्याचे नियम आले आणि १९१५ मध्ये अभियंत्यांच्या राष्ट्रीय संघटनेचा, म्हणजे एएसएमईचा, बॉयलर कोड प्रसिद्ध झाला. आपल्या कायद्यातील काही आकडे या काळाची खूण आजही बाळगून आहेत. बॉयलर ठरण्यासाठीची २२.७५ लिटरची जुनी मर्यादा म्हणजे पाच ब्रिटिश गॅलन, स्टीम पाइपची २५४ मिलिमीटरची मर्यादा म्हणजे दहा इंच, आणि चौरस सेंटिमीटरला ३.५ किलोचा दाब म्हणजे चौरस इंचाला ५० पौंड.

गुंता सुरू होतो तो १९२५ पासून. त्या वर्षी अमेरिकी कोडमध्ये सेक्शन एट आला आणि त्याचे नाव 'अनफायर्ड' (आग नसलेल्या) दाबपात्रांचे नियम असे होते. म्हणजे आग असेल तर सेक्शन वन, नसेल तर सेक्शन एट. १९६८ मध्ये सेक्शन एटचे दोन विभाग झाले आणि नावातून हा शब्द गळाला, पण त्याने आखलेली सीमारेषा राहिली. आजही 'अनफायर्ड स्टीम बॉयलर' सेक्शन वनप्रमाणे किंवा सेक्शन एटप्रमाणे, दोन्ही रीतींनी बांधता येतो. मात्र सेक्शन एट निवडल्यास ५० पौंडांपेक्षा अधिक डिझाइन दाबाच्या पात्रांसाठी वेल्डचा प्रकार, रेडिओग्राफी (वेल्डची क्ष-किरण तपासणी) आणि वेल्डनंतरची उष्णता प्रक्रिया यांबाबत जादा अटी लागू होतात. त्याच वेळी, अनेक दाबपात्रे असलेल्या प्रक्रिया संयंत्राच्या उष्णतेवर ज्या पात्रात वाफ तयार होते, त्याला सेक्शन एट अनफायर्ड स्टीम बॉयलर मानतच नाही. ते साधे दाबपात्र ठरते आणि त्या जादा अटीही त्याला लागत नाहीत. परिणामी सारख्याच ड्रमच्या आणि सारख्याच दाबाच्या दोन पात्रांना केवळ वायू कुठून आला यावरून वेगवेगळी तपासणी लागते.

ही तडजोड कागदावर सोयीची आहे, पण धोक्याच्या दृष्टीने तिला आधार नाही. भट्टीतली आग इंधन तोडून विझवता येते. अमोनिया प्लांटमधील सेकंडरी रिफॉर्मरमधून येणारा, हजार अंशांच्या आसपासचा वायू पाण्याची पातळी घसरली म्हणून क्षणात थांबत नाही, त्यासाठी पुढचा-मागचा सगळा प्लांट बंद करावा लागतो. गरम बाजूच्या ट्यूबशीटला (नळ्यांची टोके जिच्यात बसवतात त्या प्लेटला) आग आणि वायू यांतला फरक कळत नाही, तिला फक्त उष्णतेचा प्रवाह जाणवतो. तरीही सेक्शन वनमध्ये पाण्याची पातळी दाखवणारी साधने, पाण्याचा पुरवठा आणि बॉयलरच्या पूर्ण वाफक्षमतेइतकी सेफ्टी व्हॉल्व्हची क्षमता यांबाबत जे तपशीलवार नियम आहेत, ते सेक्शन एटमध्ये नाहीत. तिथे ते डिझाइनरच्या विवेकावर सोडलेले आहेत.

उलट बाजूही मांडली पाहिजे. सेक्शन वन घेतला म्हणजे ट्यूबशीट सुरक्षित झाली असे नाही. फायर ट्यूब वेस्ट हीट बॉयलरमध्ये (ज्यात वायू नळ्यांच्या आतून जातो आणि पाणी बाहेर असते) जाड ट्यूबशीट हीच अडचण ठरते, कारण जाडी वाढली की वायूच्या बाजूचा धातू पाण्यापासून दूर जातो, अधिक तापतो आणि औष्णिक ताण वाढतो. म्हणून जाणकार डिझाइनर पातळ, लवचिक ट्यूबशीट घेतात, तिचा भार नळ्यांवर टाकतात आणि नळ्यांच्या तोंडाशी फेरूल (उष्णतेपासून वाचवणारे अस्तर) बसवतात. हीट एक्स्चेंजरसाठी लिहिलेली सर्वसाधारण सूत्रे बहुधा याच्या उलट, जाडीच्या दिशेने नेतात. त्यामुळे कोड निवडताना या भागाचे गणित कोणत्या कलमाखाली होणार, हे आधी विचारावे लागते.

भारतीय कायद्याने वेगळा मार्ग घेतला आणि तो मला अधिक स्वच्छ वाटतो. आपल्या व्याख्येचा भर उष्णतेच्या उगमावर नाही. बाहेरच्या वापरासाठी दाबाखाली वाफ तयार होते का, एवढाच प्रश्न ती विचारते. २००७ च्या दुरुस्तीने क्षमतेची मर्यादा २५ लिटर केली, आणि चौरस सेंटिमीटरला एक किलोपेक्षा कमी दाबाची तसेच शंभर अंशांखाली पाणी तापवणारी पात्रे वगळली. म्हणून परदेशी पुरवठादाराने सेक्शन एटप्रमाणे बांधून शिक्का मारलेला वेस्ट हीट बॉयलर तारापूरला किंवा रोह्याला उतरला की तो आयबीआरखाली येतो. बांधकामाच्या वेळच्या तपासणीचे प्रमाणपत्र आणि व्हॉल्व्हचे थ्री-सी फॉर्म (निर्मिती व चाचणीची प्रमाणपत्रे) मागाहून गोळा करण्याची धावपळ सुरू होते ती याच टप्प्यावर.

जाडीच्या तुलनेत मात्र आयबीआर अधिक कडक आहे, हा समज तपासून घ्यावा. अनुज्ञेय ताण (धातूवर येऊ द्यायचा कमाल ताण) काढताना आयबीआर तन्य सामर्थ्याला (धातू ज्या ताणाला तुटतो त्याला) २.७ ने भागतो. सेक्शन वन सुरुवातीला ५ ने भागत असे, नंतर ४ ने आणि १९९९ पासून ३.५ ने भागतो. ४१५ मेगापास्कल तन्य सामर्थ्याच्या कार्बन स्टीलसाठी हे भागाकार अनुक्रमे सुमारे १५४ आणि ११९ मेगापास्कल येतात, म्हणजे आयबीआरमध्ये पातळ प्लेट चालते. तापमान वाढले की यील्डची (धातू कायमचा ताणला जाऊ लागतो त्या ताणाची) मर्यादा दोन्हीकडे पुढे येते आणि फरक बराच आटतो. शिवाय नळ्यांच्या सूत्रात आयबीआर ७० किलोपर्यंतच्या दाबाला ०.७५ मिलिमीटर भर घालतो, तर सेक्शन वन व्यासाच्या ०.००५ पट. कमी जाडी देणारे सूत्र एका कोडमधून आणि कमी तपासणीची अट दुसऱ्यातून उचलण्याचा मोह येथेच होतो. असे करणे धोक्याचे आहे, कारण प्रत्येक कोडचा भाजक त्याच कोडच्या पोलादाच्या चाचण्या, वेल्ड तपासणी आणि हायड्रोटेस्ट (पाणी भरून जादा दाबाने घेतलेली चाचणी) गृहीत धरून ठरलेला असतो. १९९९ मध्ये सेक्शन एटने भाजक खाली आणला तेव्हा हायड्रोटेस्टही दीडपटीवरून १.३ पटीवर आणली. सेक्शन वनने ती दीडपटच ठेवली.

२०२५ मध्ये १९२३ च्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली. काही गुन्ह्यांची फौजदारी शिक्षा जाऊन दंड आला, पण वेस्ट हीट बॉयलर कायद्याच्या कक्षेत येतो ही मूळ भूमिका बदललेली नाही. त्यामुळे खरेदीच्या चौकशीपत्रात 'सेक्शन एट किंवा समतुल्य' असे मोघम लिहिण्याऐवजी तीन गोष्टी पहिल्याच दिवशी ठरवाव्या लागतात: आयबीआरची हद्द कोणत्या व्हॉल्व्हपर्यंत आहे, त्या हद्दीतल्या ट्यूबशीटचे गणित कोण तपासणार, आणि पोलादाची पहिली प्लेट कापण्याआधी तपासणी अधिकारी नेमला गेला आहे का.