दोरीच्या आतलं सोयाबीन

एका महसूल मंडळात पंधरा-वीस गावं आणि हजारो हेक्टर सोयाबीन असतं. यंदा त्या सगळ्या रानाला उतारा काय पडला, हे दहा-बारा पीक कापणी प्रयोगांवरून ठरतं. प्रत्येक प्रयोगात 10 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद तुकडा दोरीने आखायचा, आतलं पीक कापायचं, मळायचं आणि तोलायचं. बारा तुकडे मिळून 600 चौरस मीटर झाले, म्हणजे सहा गुंठेसुद्धा पुरते भरत नाहीत. पीक विम्याच्या भरपाईचा हिशेब या सहा गुंठ्यांवर उभा राहतो.

हे ऐकलं की लातूर-परभणीकडच्या कुठल्याही पारावर एकच प्रश्न निघतो: एवढ्याशा तुकड्यांवरून अख्ख्या मंडळाचं काय कळणार? शंका चुकीची नाही. फक्त दोष जिथे आहे तिथे ती बोट ठेवत नाही.

नमुन्याची ताकद एकूण क्षेत्राच्या किती टक्के भाग तपासला यावर जवळजवळ नसतेच. ती दोन गोष्टींवर असते: प्रयोग किती केले, आणि एका रानाचा उतारा दुसऱ्या रानापेक्षा किती वेगळा पडतो. मंडळ दहा हजार हेक्टरचं असो की वीस हजारांचं, बारा प्रयोगांतून येणाऱ्या अंदाजाची अचूकता तीच राहते. मराठवाड्यात अडचण दुसऱ्या गोष्टीची आहे. एकाच शिवारात नदीकाठचं काळं रान हेक्टरी 18 क्विंटल देतं आणि वरच्या मुरमाड माळावर 6 निघाले तरी नशीब. पाऊसही बांध बघून पडल्यासारखा पडतो.

आकडे घेऊन पाहू. हे मी हिशेबापुरते मानलेले आहेत. समजा मंडळातल्या रानांचे उतारे सरासरीपासून साधारण 4 क्विंटल इकडेतिकडे असतात. बारा प्रयोगांच्या सरासरीतली नमुन्याची चूक काढायची तर या 4 ला 12 च्या वर्गमुळाने भागायचं. उत्तर साधारण 1.15 क्विंटल. शंभरातल्या पंचाण्णव वेळा खरा आकडा याच्या दुप्पट अंतरात सापडतो, म्हणजे दोन्ही बाजूंना 2.3 क्विंटल. ही चूक निम्मी करायची असेल तर प्रयोग दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतात: बाराचे अठ्ठेचाळीस. वर्गमूळ असं महागात पडतं, आणि प्रयोग करणाऱ्या माणसांची संख्या काही चौपट होत नाही.

आता यात पैसे घालू. पीक विम्यात उंबरठा उत्पन्न काढताना मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेतात आणि तिला जोखीमस्तराने, म्हणजे त्या सरासरीच्या किती टक्क्यांची विमा हमी देतो त्या टक्केवारीने, गुणतात. यंदाचा आकडा त्याच्या खाली जितके टक्के, तितके टक्के भरपाई. समजा उंबरठा 12 क्विंटल, मंडळाचा खरा उतारा 10.5 आणि विमा संरक्षित रक्कम हेक्टरी 50,000 रुपये. मग रास्त भरपाई 6,250 रुपये. पण प्रयोगांतून आलेला आकडा 8.2 पासून 12.8 पर्यंत कुठेही पडू शकतो. 8.2 आला तर पंधरा हजारांच्या वर मिळतील, 12.8 आला तर एक रुपयाही नाही. यात कोणी लबाडी केलेली नाही. दोरी कुठे पडली एवढाच फरक. शेजारच्या मंडळाला मिळाले आणि आपल्याला नाही, या दरवर्षीच्या भांडणातला बराच भाग इथून येतो. माझं मत विचाराल तर मंडळाच्या आकड्याशेजारी ही चूकही छापायला हवी. शेतकऱ्याच्या हाती एकच आकडा पडतो आणि तो सातबाऱ्यावरच्या क्षेत्रासारखा पक्का वाटतो.

ही झाली योगायोगाची चूक. ती मोजता येते आणि प्रयोग वाढवले की कमी होते. दुसरी चूक झुकावाची, आणि तिला प्रयोगांच्या संख्येशी काही घेणंदेणं नाही. बाराही वेळा रस्त्याकडेचं, गाडी जाईल असं रान निवडलं तर बाराशे प्रयोग करूनही उत्तर रस्त्याकडेच्या रानांचंच येईल. म्हणून गाव, गावातला गट नंबर आणि शेतातली जागा हे तिन्ही चिठ्ठ्या टाकल्यासारखे, यादृच्छिक आकड्यांनी काढायचे असतात. शेतात गेल्यावर नैर्ऋत्येचा कोपरा धरायचा. तिथून लांबीकडे किती आणि रुंदीकडे किती पावलं जायचं हे आकड्यांनी सांगायचं, डोळ्यांनी नाही. पीक बरं दिसतंय म्हणून चार पावलं पुढे सरकलो, किंवा इथे तण फार आहे म्हणून बाजूला झालो, की मघाचं सगळं गणित बाद झालं. चूक किती असेल हे सांगण्याचा हक्क आपल्याला फक्त त्या चिठ्ठीने दिलेला असतो.

पन्नास चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. तुकड्यातून सहा किलो दाणे निघाले तर हेक्टरी 12 क्विंटल, साडेसहा निघाले तर 13. म्हणजे अर्धा किलो इकडेतिकडे झाला की क्विंटलचा फरक. ओल्या दाण्याचं वजन तसंच धरलं तरी एवढा फरक सहज पडतो. मोंढ्यात अडत्या ओलावा बघितल्याशिवाय भाव बोलत नाही, त्याचं कारण हेच. पीक कापणीतही म्हणून वाळवणीचा हिशेब वेगळा ठेवतात.

पण सर्वांत बेमालूम चूक दोरीपाशी होते. ती पकडून देणारा माणूस आपल्याच मातीतला. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म 1911 चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. लंडनला संख्याशास्त्र शिकून आल्यावर 1940 च्या दशकात त्यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेतून पीक कापणीची पद्धत बसवली. त्याआधी ब्रिटिश सनदी अधिकारी जॉन हबॅक यांनी 1920 च्या दशकात बिहार-ओरिसात भाताच्या उताऱ्यासाठी छोट्या तुकड्यांची पाहणी केली होती, आणि संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमध्ये तीच वाट पुढे नेत होते. महालनोबिसांचं म्हणणं, तुकडे अगदी लहान घ्या आणि पुष्कळ घ्या. कागदावर ते बिनतोड आहे, कारण त्याच मेहनतीत जास्त जागा पाहून होतात. सुखात्मे शेतातून आकडे घेऊन आले: तुकडा जितका लहान, तितका उतारा फुगतो. हा वाद बरीच वर्षं चालला.

उतारा का फुगतो, ते घरबसल्या पडताळता येतं. दोरीवर आलेलं झाड आत धरायचं की बाहेर? कापणारा माणूस ते सहसा आत ओढतो. समजा अशाने चहूबाजूंनी दहा सेंटिमीटर जास्त कापलं गेलं. एक मीटर त्रिज्येचं वर्तुळ असेल तर त्रिज्या 1.1 मीटर झाली, आणि क्षेत्र 21 टक्क्यांनी वाढलं. तीच सवय 10 बाय 5 च्या तुकड्यात नेली तर 10.2 गुणिले 5.2, म्हणजे 53 चौरस मीटर. वाढ फक्त 6 टक्के. लहान तुकड्याला क्षेत्राच्या मानाने कड जास्त आणि चूक राहते कडेला. असे हजार तुकडे घेतले तरी हजारही एकाच दिशेने चुकतात. आज सोयाबीनच्या रानात आपण पन्नास चौरस मीटर आखतो त्यामागे हा वाद आहे. पुढे सुखात्मे जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. आपल्या पाठ्यपुस्तकांत ते फारसे दिसत नाहीत, ही खंत मात्र नोंदवून ठेवतो.

आणखी एक मेख. एकाच गावात दोन प्रयोग केले म्हणजे माहिती दुप्पट झाली असं होत नाही. त्या दोन्ही रानांवर एकच पाऊस पडलेला असतो, पेरणीही बहुधा एकाच आठवड्यातली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही हेच आडवं येतं. 2019-21 च्या फेरीत देशभरातल्या 707 जिल्ह्यांतली सहा लाख छत्तीस हजार कुटुंबं होती, म्हणजे जिल्ह्याला सरासरी नऊशे. पण ती एकेका गावात वा वस्तीत बावीस-बावीस अशी गटाने निवडली होती. पिण्याच्या पाण्यासारख्या प्रश्नावर एका गावातली बावीस घरं जवळपास एकच उत्तर देणार. अशा वेळी नऊशे घरांचं वजन तीनशे-साडेतीनशे सुट्या घरांइतकंच उरू शकतं. म्हणून बीड आणि जालन्याच्या टक्केवारीत दोन-तीन टक्क्यांचा फरक दिसला की लगेच मथळा करण्यात अर्थ नाही.

हल्ली उपग्रहाची मदत घेतात. त्यातलं गणित जुनंच आहे. पिकाची हिरवाई अख्ख्या मंडळाची दिसते, कापणी मात्र बाराच ठिकाणची असते. हिरवाई आणि उतारा यांचं नातं त्या बारा ठिकाणी बांधायचं आणि त्याच्या आधाराने मंडळाची सरासरी सुधारायची. दोन्हींमधला सहसंबंध 0.7 असेल (1 म्हणजे पूर्ण जुळणी) तर अंदाजातलं विचरण, म्हणजे मघाच्या नमुन्याच्या चुकीचा वर्ग, 1 वजा 0.7 चा वर्ग 0.49, म्हणजे जवळपास निम्म्यावर येतं. ढोबळ हिशेबात बारा प्रयोग चोवीस प्रयोगांचं काम करतात. पण नातं बांधायला लागणारे आकडे शेवटी दोरीच्या आतूनच येतात. कापणाऱ्याने दहा सेंटिमीटर बाहेरचं पीक आत ओढलं असेल, तर ती 6 टक्क्यांची वाढ उपग्रहाच्या अंदाजातही उतरते. म्हणून गावात प्रयोगाला पथक आलं की तोलकाट्यापाशी गर्दी करण्याआधी गट नंबर कसा निघाला ते विचारावं, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यापासून पावलं मोजताना सोबत चालावं, आणि दोरी चारही खुंट्यांना ताणून बांधली आहे का तेवढं बघावं.