कोंबड्यांत मर वाढली तर: नियंत्रण कक्षाला फोन, पंचनामा आणि भरपाई

बर्ड फ्लूच्या भरपाईतला सगळ्यात महत्त्वाचा नियम आधी सांगतो. पैसे मिळतात ते सरकारी पथकाने नष्ट केलेल्या पक्ष्यांचे, पथक येण्याआधी रोगाने मेलेल्यांचे नाही. शेडमध्ये मर सुरू झाल्यावर ‘दोन दिवस बघू’ म्हणून थांबलात, तर भरपाईला पात्र पक्षी रोज कमी होत जातात. पुढची सगळी प्रक्रिया हा नियम डोक्यात ठेवूनच वाचा.

कळवायचे कोणाला?

प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगास प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ नुसार रोगाचा संशय आला की कळवणे हे मालकाचे कर्तव्यच आहे. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा ग्रामपंचायत, कुठेही कळवा. फोन करायचा तर १९६२ किंवा पशुसंवर्धन विभागाचा टोल फ्री क्रमांक १८००-२३३-०४१८. फोनवर गाव, तालुका, पक्ष्यांची संख्या आणि वय, काल किती मेले, आज किती, आणि कोणत्या लसी झाल्या आहेत एवढे सांगा. तुरा निळा पडणे, डोके सुजणे, खाणे आणि अंडी एकदम कमी होणे हेही सांगा. मानमोडी (राणीखेत) या कोंबड्यांच्या दुसऱ्या रोगातही यातली बरीच लक्षणे दिसतात, त्यामुळे घरीच निदान करत बसू नका. मेलेली कोंबडी फाडून पाहू नका, उरलेला माल घाईघाईने विकू नका, ओढ्यात तर काहीच टाकू नका.

कावळे, बगळे मरून पडलेले दिसले तरी फोन करावा. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला आधी कावळेच मेले होते आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला.

फोननंतर काय होते?

साथ आली की जिल्ह्यात, पुण्याच्या पशुसंवर्धन आयुक्तालयात आणि दिल्लीतही नियंत्रण कक्ष चालू होतात. केंद्राने जानेवारी २०२१ मध्ये असाच कक्ष उघडला होता. कुठून खबर आली, नमुने कुठवर पोचले, कोणते पथक कुठे पाठवायचे, संरक्षक पोशाख आणि जंतुनाशक कुठे कमी पडते, हे सगळे तिथून हलते. नमुने पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागात जातात आणि अंतिम शिक्कामोर्तब भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. अहवाल येईपर्यंत पक्षी, अंडी, खत, खाद्याची पोती, काहीही शेडबाहेर जाऊ देऊ नका.

अहवाल होकारार्थी आला की जिल्हाधिकारी आदेश काढतात. बाधित ठिकाणापासून १ किलोमीटरपर्यंतचे क्षेत्र बाधित, तिथले पक्षी पथक नष्ट करते; त्यापुढे १० किलोमीटरपर्यंतचे निगराणी क्षेत्र. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला आणि २०२१ मध्ये तिथेच तो पुन्हा आला.

भरपाई कोणाला?

बाधित क्षेत्रात ज्यांचे पक्षी पथकाने नष्ट केले, त्यांना. मोठा पोल्ट्रीवाला असो की परसात दहा कोंबड्या पाळणारी बाई, दोघांचाही हक्क सारखाच. पथकाने नष्ट केलेली अंडी आणि खाद्य यांचेही पैसे मिळतात. कोणाला न कळवता स्वतःच पक्षी मारून पुरले, तर हातात काही पडत नाही, कारण पंचनामाच नसतो.

खर्चाचा भार केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. २०२१ च्या साथीत आठ आठवड्यांवरच्या अंड्यावरील कोंबडीला ९० रुपये, सहा आठवड्यांवरच्या ब्रॉयलरला ७० रुपये, लहान पिल्लाला २० रुपये, अंड्याला ३ रुपये आणि खाद्याला किलोमागे १२ रुपये असा दर होता. दर सुधारले जातात, म्हणून तुमच्या वेळचा दर पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. माझ्या मते हे पैसे नुकसानाच्या मानाने कमीच आहेत, पण तेवढेही हातचे जाऊ देऊ नका.

कागदपत्रे

सगळ्यात वजनदार कागद म्हणजे पंचनामा. पथक काम करत असताना तिथेच थांबा. नष्ट केलेले पक्षी वयानुसार किती, अंडी किती, खाद्य किती किलो, हे आकडे तुमच्यासमोर लिहिले गेले पाहिजेत. आकडे वाचल्याशिवाय सही करू नका, आणि प्रत मागून घ्या. नंतर वाद झाला तर हाच कागद कामी येतो.

याशिवाय आधार कार्ड, बँक पासबुकाची झेरॉक्स आणि शेडच्या जागेचा सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा उतारा तयार ठेवा. पिल्ले आणि खाद्य खरेदीची बिले आणि रोजची मर लिहिलेली वही असेल तर संख्या सिद्ध करणे सोपे जाते. परसातल्या कोंबड्यांची बिले कोणाकडेच नसतात, तिथे पंचनाम्यातली नोंद हाच आधार. कंपनीच्या करारावर पक्षी सांभाळत असाल, तर कराराची प्रत पथकाला दाखवा आणि पक्ष्यांचा मालक कोण हे पंचनाम्यातच लिहून घ्या. हे राहिले की पुढे कंपनी आणि शेतकरी यांच्यात ओढाताण होते.

त्यानंतर

रक्कम बँक खात्यात येते, म्हणून खाते चालू आणि आधारशी जोडलेले आहे ना, ते आधीच तपासा. उशीर होतोय असे वाटले तर पंचनाम्याची प्रत घेऊन तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे जा, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. शेडमध्ये लगेच नवी पिल्ले टाकता येत नाहीत. निर्जंतुकीकरणाचा दाखला लागतो, आणि त्यानंतरही काही काळ परिसरातले नमुने तपासले जातात. पिल्लांची पुढची ऑर्डर देण्याआधी शेड भरायला परवानगी आहे का, हे दवाखान्यात विचारा.