जिनसेंगची मुळी: जंगल संपलं म्हणून वाफ्यात आली

आपल्याकडे जिनसेंग म्हटलं की मेडिकलमधली ताकदीची कॅप्सूल आठवते, नाहीतर अश्वगंधेला 'इंडियन जिनसेंग' म्हणतात ते. हे नाव जाहिरातीपुरतंच बरं का, अश्वगंधा वांगी-टोमॅटोच्या कुळातली आणि जिनसेंगचं कूळच वेगळं. मी खरी मुळी हातात घेतली ती सिंगापूरला मावसभावाकडे गेले होते तेव्हा, चायनाटाउनमधल्या औषधांच्या दुकानात. गाजरापेक्षा बारीक, पिवळसर, खाली दोन फाटे पायांसारखे आणि वर एक बारीक वाकडी मान. दुकानदार काकांनी नखाने त्या मानेवरचे खड्डे दाखवले, दरवर्षी हिवाळ्यात वरचा दांडा गळून पडतो आणि त्याचा व्रण मानेवर राहतो, ते व्रण मोजायचे की वय कळतं. चिनी नाव रनशन, रन म्हणजे माणूस, फाटे बघितले की नाव का पडलं ते लगेच कळतं.

तेव्हापासून हिच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले आणि एक गोष्ट मनात पक्की बसली, हिचा सगळा इतिहास म्हणजे एकेका जंगलातून ती संपत जाण्याचा इतिहास आहे.

सुरुवात चीनच्या सर्वांत जुन्या औषधी ग्रंथापासून, शेननोंग बेनत्साओ जिंग. हान काळाच्या आसपासचा, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा, त्यात 365 औषधं तीन पायऱ्यांत लावलेली आहेत आणि जिनसेंग वरच्या पायरीत, म्हणजे जे रोज घेतलं तरी अपाय नाही आणि आयुष्य वाढवतं अशांमध्ये. पुढे वैद्यांनी ते मुख्यतः 'ची' म्हणजे शरीरातली चालती शक्ती भरून काढायला वापरलं, आणि माणूस अगदी हातातून जातोय असं वाटलं की नुसत्या जिनसेंगचा घट्ट काढा पाजायचे. 11 व्या शतकात सू सोंग या विद्वानाने अस्सल माल ओळखायची युक्ती लिहून ठेवलीये ती मला फार आवडते: दोन माणसांना बरोबर पळवायचं, एकाच्या तोंडात जिनसेंगचा तुकडा, दुसऱ्याच्या नाही, तीन-पाच ली (एक ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर) पळून झाल्यावर ज्याच्या तोंडात नाही तो धापा टाकेल आणि दुसऱ्याचा श्वास शांत असेल.

त्या काळी सगळ्यांत नावाजलेला माल शांगदांगचा, म्हणजे आजच्या शान्शी प्रांतातला डोंगराळ भाग. आता तिथे जंगली जिनसेंग नाही. जंगल तुटलं आणि वर दरबाराला माल पुरवायचं ओझं, लोक कंटाळले. ली शिझेनचा बेनत्साओ गांगमू हा मोठा ग्रंथ 1596 ला छापून आला, त्यात त्याने सरळ लिहिलंय की तिथली माणसं जिनसेंगला गावावरचं संकट मानतात आणि आता खणतच नाहीत, सध्या वापरात आहे तो सगळा ल्याओतुंगकडचा माल. एखादं झाड औषध म्हणून इतकं मोठं व्हावं आणि जिथे उगवतं तिथल्याच लोकांना ते नकोसं व्हावं, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. शांगदांगचं नाव मात्र राहिलं, जिनसेंगऐवजी वापरतात त्या स्वस्त दांगशन नावाच्या मुळीत, आणि ती वेगळीच वनस्पती आहे.

ल्याओतुंग म्हणजे ईशान्येकडचा मांचुरिया. तिथले जुर्चेन लोक मुळ्या खणून मिंग राज्यातल्या, म्हणजे तेव्हाच्या चीनमधल्या व्यापाऱ्यांना विकायचे. पण माल पाण्यात भिजवलेला असायचा, व्यापारी मुद्दाम वेळ काढायचे, माल कुजायला लागला की पडेल भावाने द्यावा लागायचा. 1605 च्या सुमारास त्यांचा सरदार नूरहाची याने मुळ्या उकळून वाळवायची पद्धत आणली, मग माल टिकायला लागला आणि भाव आपल्या हातात आला. याच नूरहाचीच्या वंशजांनी पुढे चीनवर छिंग राज्य केलं, त्यांच्या तिजोरीत जिनसेंगचा पैसा मोठा होता, म्हणूनच मांचुरियाची जंगलं परवान्याशिवाय बंद ठेवलेली.

1709 ला पिएर जार्तू हा फ्रेंच पाद्री बादशहासाठी नकाशे काढत तिथे फिरत होता, त्याने स्वतः मुळी खाऊन बघितली आणि 1711 च्या पत्रात लिहिलं की घोड्यावर बसून बसून इतका दमलो होतो की खाली पडेन असं वाटत होतं, अर्धी मुळी खाल्ली आणि तासाभरात थकवा गेला. त्याच पत्रात एक अंदाज होता, अशीच डोंगर-जंगलं कॅनडात आहेत तिथे ही सापडेल. ते वाचून लाफितो नावाच्या दुसऱ्या पाद्र्याने मॉन्ट्रियलजवळ मोहॉक या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या वस्तीत शोध घेतला आणि 1716 ला खरंच सापडली, सख्खी बहीण म्हणावी अशी जात. मोहॉक लोक ती आधीपासून औषधात वापरतच होते.

मग तिथेही तेच. जो तो खणायला धावला, हंगामाआधी काढलेल्या मुळ्या भट्टीत घाईने वाळवल्या, दक्षिण चीनमधल्या कँटन बंदराच्या बाजाराने तो माल नाकारला आणि 1750 च्या दशकात कॅनडाचा धंदा बसला. 1784 ला चीनला जाणारं अमेरिकेचं पहिलं व्यापारी जहाज 'एम्प्रेस ऑफ चायना' न्यूयॉर्कहून कँटनला निघालं त्यात जवळपास 30 टन जिनसेंग होतं. चिनी वैद्य या अमेरिकन मुळीला थंड मानतात आणि स्वतःकडच्या, त्यातही वाफवलेल्या लाल मुळीला उष्ण, आपल्याकडे गूळ उष्ण आणि सब्जा थंड तसंच, त्यामुळे दोन्हींची जागा वेगळी राहिली. जंगली अमेरिकन जिनसेंगच्या व्यापारावर 1975 पासून आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे.

आता शेतीचं. बी पेरायचं चिनी पंचांगातल्या दहाव्या महिन्यात, म्हणजे साधारण नोव्हेंबरमध्ये, भाजीसारखं, हे ली शिझेननेच लिहिलंय, पण भाजीसारखं सोपं यात काहीच नाही. फळ लाल होतं तेव्हा आतला अंकुर अर्धवटच असतो, त्याला आधी ऊब लागते मग थंडी, जंगलात पडलेलं बी रुजायला दीड वर्ष सहज जातं. पहिल्या वर्षी नुसती तीन पानं, दुसऱ्या वर्षी पंजासारखी पाच, आणि मग हळूहळू एकेक पंजा वाढत जातो. ऊन चालत नाही, म्हणून जिलिन प्रांतात फूसोंगकडे उंच वाफे आणि त्यावर सावलीचे मांडव, पाणी साचलं की मुळी कुजते. चार ते सहा वर्षांनी काढणी. नुसती वाळवली तर पांढरं जिनसेंग, वाफवून वाळवली तर लाल. चीनमध्ये 2012 पासून पाच वर्षांपर्यंतची लागवडीची मुळी खाद्यपदार्थ म्हणूनही चालते, दिवसाला 3 ग्रॅमपर्यंत.

पण खरी अडचण काढणीनंतर येते. एकदा जिनसेंग घेतलेल्या जमिनीत ते परत धड येत नाही, मातीतल्या बुरशीने मुळ्या सडतात, जमीन वीस-तीस वर्षं तशीच सोडावी लागते. म्हणून शेतकरी नवी जमीन शोधत पुढे सरकत राहिले आणि चांगबाई डोंगरातलं जंगल वाफ्यांसाठी तोडलं गेलं, म्हणजे जंगलातली मुळी संपली म्हणून शेती केली आणि शेतीने उरलेलं जंगल खाल्लं. आता काहीजण झाडं न तोडता त्याखालीच बी टाकतात आणि पंधरा-वीस वर्षं हात लावत नाहीत, भाव जंगली मालाच्या जवळ जातो.

त्या डोंगरात जुने खणणारे मुळी दिसली की आधी दांड्याला लाल दोरा बांधायचे, नाहीतर ती पळून जाते अशी समजूत. मग हरणाच्या हाडाच्या सुईने एकेक तंतू न तुटता मोकळा करायचा, कधीकधी एका मुळीला पूर्ण दिवस. लहान रोपांना हात लावायचा नाही आणि लाल फळं तिथेच परत मातीत पुरायची, हा त्यांच्यातला नियम होता.