पॅराकॉर्डवरचा ‘550’ आला कुठून?

पॅराकॉर्ड म्हणजे पॅराशूटची दोरी. या दोऱ्या आधी रेशमी असत. दुसऱ्या महायुद्धात जपानी रेशमाचा पुरवठा तुटला आणि अमेरिकेने नायलॉन धरले. जमिनीवर उतरलेले सैनिक त्याच दोऱ्या कापून तंबू बांधत, आतल्या धाग्यांनी कपडे शिवत. हौशी गिऱ्हाईक बरेच नंतरचे. 1997 मध्ये हबल दुर्बिणीचे फाटके आवरण सांधतानाही अंतराळवीरांनी हीच दोरी वापरली.

खरा घोळ ‘550’ चा आहे. अमेरिकी लष्कराच्या 5040 क्रमांकाच्या मानकात सहा प्रकार होते. त्यातल्या तिसऱ्याने किमान 550 पौंड, म्हणजे सुमारे 250 किलो ताण सोसायलाच हवा होता. पण ही अट एकटी नव्हती. आत सात ते नऊ धागे, प्रत्येक तिपेडी. वर 32 किंवा 36 धाग्यांची वीण. तुटण्याआधी किमान 30 टक्के लांबणे. एक पौंड वजनात निदान 225 फूट दोरी. शिवाय एका धाग्यात उत्पादकाची रंगीत खूण. पुढे नव्या कामांसाठी लष्कराने हे मानक थांबवले, पॅराशूट उद्योगाने ते आपल्याकडे घेतले. बाजाराने मात्र नुसता आकडा उचलला. दुपेडी धाग्यांची दोरीही ‘550’ म्हणून विकली जाते. तिची ताकद भरत असेल तर सामान बांधायला ती चालेल. पण तिला ‘मिल-स्पेक’, म्हणजे लष्करी मानकाची, म्हणणे ही शुद्ध लबाडी.

म्हणून टोक कापा, वीण दोन इंच मागे सारा, धागे मोजा आणि एक उसवून पेड पाहा. वीण सैल घसरत असेल तर दोरी चपटी होते, गाठ धरत नाही. तीस मीटरचे वजन 200 ग्रॅमच्या आत हवे. नायलॉन ओळखायला दोरी जाळून पाहण्याचा सल्ला अर्धवट आहे, कारण पॉलिएस्टरही वितळतेच.

ते 250 किलोही नव्या, कोरड्या, बिनगाठीच्या दोरीचे आणि संथ ओढीचे. गाठ मारली की तिसरा हिस्सा ते निम्मी ताकद गेली. नायलॉन भिजले की आणखी दहा-पंधरा टक्के कमी होते, वर ते ताणते. पावसात रात्री ताडपत्री लोंबते ती यामुळेच. या दोरीवर माणूस लटकवू नये. बांधलेल्या दोरीवरून दुसरी दोरी ओढूही नये. घर्षणाच्या उष्णतेने खालची वितळून काही क्षणांत तुटते.