सुवर्ण कलिल

पाण्यासारख्या द्रवात सोन्याचे अतिसूक्ष्म कण न बसता विखुरलेले राहिले असता होणारे कलिल (कोलॉइड). कणांचा व्यास साधारणतः 5 ते 100 नॅनोमीटर असतो. 20 नॅनोमीटरच्या आसपासचे कण असलेले कलिल माणकासारखे लाल दिसते. कण एकमेकांना चिकटले की तेच जांभळे, मग निळसर होते.

काचेला व चिनी मातीच्या भांड्यांना लाल-जांभळी छटा देणारा ‘कॅशियसचा जांभळा’ हा याचाच एक प्रकार. सोन्याच्या क्लोराइडाच्या विद्रावात स्टॅनस क्लोराइड घातले की हा साका खाली बसतो. आंड्रेआस कॅशियस या नावाचे जर्मन पिता-पुत्र दोघेही वैद्य होते. शोधाचे श्रेय बहुधा पित्याला देतात. सोन्यावरील ग्रंथ मात्र पुत्राने 1685 मध्ये प्रसिद्ध केला. योहान रूडोल्फ ग्लाउबर यांनी अशाच साक्याचे वर्णन 1659 च्या सुमारास केलेले असल्याने अग्रमान त्यांच्याकडे जाणे अधिक सयुक्तिक वाटते. हा पदार्थ संयुग की मिश्रण, हा वाद एकोणिसाव्या शतकभर चालला. रिखार्ट झिग्मोंडी यांनी सोन्याचे आणि स्टॅनिक अम्लाचे अशी दोन कलिले वेगवेगळी करून एकत्र केली व तोच जांभळा मिळवला (1898). मिश्रणाचा पक्ष त्यामुळे ग्राह्य ठरला.

मायकेल फॅराडे यांनी 1857 मध्ये फॉस्फरसच्या साहाय्याने लाल द्रव तयार केला आणि हा रंग बारीक विभागलेल्या सोन्याचाच असल्याचे मत मांडले. ‘कलिल’ या अर्थाची संज्ञा टॉमस ग्रॅहॅम यांनी रूढ केली ती त्यानंतर, 1861 मध्ये.

सोडियम सायट्रेट वापरून केलेल्या कलिलात कणांच्या पृष्ठावर सायट्रेट आयन (विद्युत भार असलेले अणुगट) अधिशोषित होतात, म्हणजे पृष्ठाला चिकटून राहतात. त्यांच्या ऋण भारामुळे कण परस्परांना दूर ठेवतात. मीठ घातल्यास या भाराचा प्रभाव फार आखूड अंतरापुरता उरतो, कणांमधील आकर्षण वरचढ होते आणि परीक्षानळीतला लाल रंग डोळ्यांदेखत निळा पडतो. सोने तेवढेच असते. बदलते ते आंतरपृष्ठ, म्हणजे कण व द्रव यांच्यामधील सीमा. पृष्ठावर जिलेटिनासारख्या प्रथिनाचा थर असेल, तर मीठ घालूनही रंग टिकतो. 10 मिलि. कलिलात 10 टक्के मिठाचा 1 मिलि. विद्राव घातल्यावर रंगबदल जेमतेम रोखण्यास लागणारे संरक्षक पदार्थाचे मिलिग्रॅम म्हणजे झिग्मोंडी यांचा ‘सुवर्णांक’.

जीवविज्ञानातील उपयोग याच अधिशोषणावर उभा आहे. 1971 मध्ये प्रतिपिंडे (ठरावीक पदार्थ ओळखून त्याला चिकटणारी प्रथिने) लावलेले सुवर्णकण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली खूण म्हणून वापरण्यात आले. गर्भधारणा चाचणीच्या अनेक पट्ट्यांवरील लाल रेघही अशाच कणांची असते. रक्तात सोडलेल्या कणांवर तेथील प्रथिने चटकन जमतात, म्हणून पेशीला सामोरा येतो तो मूळ पृष्ठभाग नव्हे, हा थर.

सुवर्णकणांवर थर देण्यासाठी प्रतिपिंड किती घालायचे, हे ठरवण्याची रीत जुनीच आहे: नळ्यांच्या ओळीत ते चढत्या मात्रेत घालतात, मग प्रत्येकीत मीठ टाकतात आणि लाल राहिलेली पहिली नळी निवडतात. प्रत्यक्षात मात्रा त्याहून थोडी जास्तच घेतात.