कॉर्टेनला कोणता रॉड: ७०१८ की ८०१८-डब्ल्यू२?

वणी-वरोऱ्याकडच्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या दुकानात कॉर्टेनची, म्हणजे रंग न लावताही उघड्यावर टिकणाऱ्या स्टीलची, प्लेट उतरली, की वेल्डिंगच्या रॉडबद्दल दोन सल्ले हमखास मिळतात. "भाऊ, ७०१८ मारा, चालते." नाही तर, "८०१८ घ्या, तो जास्त मजबूत." दोघंही मजबुतीवर भांडतात, आणि इथं प्रश्न मजबुतीचा नाहीच.

७०१८ तुमच्या रोजच्या हातातला, त्याच्याबद्दल नवीन सांगायला काही नाही. ताकद बघायची तर त्याच्या जोडाची किमान सुमारे ४९० मेगापास्कल, ८०१८ची ५५०. ए५८८ या कॉर्टेनच्या नेहमीच्या ग्रेडच्या प्लेटची किमान ताकद ४८५ असते. ७०१८ पुरतो, विषय संपला. साध्या कामाचा ६०१३ रॉड मात्र इथं होल्डरला लावूच नका.

खरा फरक आहे तो शेवटच्या डब्ल्यू२मध्ये. कॉर्टेनमध्ये थोडं तांबं, क्रोमियम आणि निकेल असतं. पावसात भिजत, उन्हात वाळत तिच्यावर गंजाचा दाट थर बसतो आणि आतलं लोखंड वाचतं. डब्ल्यू२च्या जोडात हे तिन्ही असतात, साध्या ७०१८मध्ये नसतात. मग प्लेटचा गंज थांबतो आणि जोड गंजत राहतो. त्यातही मोठ्या प्लेटच्या मधोमध जोडाची बारीक पट्टी असली, की ओल्यात झीज त्या पट्टीलाच जास्त. ताडोबाकडच्या रिसॉर्टचं बिनरंगाचं गेट असेल तर जोडाचा वेगळा रंगही उठून दिसतो.

मग ७०१८ने केलेली काही कामं टिकतात कशी? एकाच रनचा, म्हणजे रॉडच्या एकाच फेरीचा, बारीक फिलेट (कोपऱ्यातला जोड) असला की वितळलेल्या प्लेटमधलं तांबं-क्रोमियम जोडात मिसळतं. म्हणूनच एडब्ल्यूएस डी१.१ हा अमेरिकन वेल्डिंगचा कोड रॉडच्या एका रनमधल्या ६ मिलिमीटरपर्यंतच्या फिलेटला ७०१८ चालवून घेतो. दुसरा रन पडला की तो प्लेटपेक्षा खालचा रनच जास्त वितळवतो, तिसऱ्यात प्लेटचा अंश नावापुरता उरतो. "मागच्या वेळी चालला होता" म्हणणाऱ्याला आधी विचारा, किती रन होते?

माझं मत पक्कं आहे. वरून रंग लागणार असेल तर ७०१८ मारा, डब्ल्यू२वर पैसे घालवू नका. उघडं राहणार आणि जोड जाड असेल तर आतला भरणा ७०१८ने करा, पण उघड्या बाजूचे शेवटचे दोन थर डब्ल्यू२चेच. काम लहान असेल तर सगळंच डब्ल्यू२ने करा, दोन डब्यांची सरमिसळ होत नाही.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते दुकानात जाऊन नुसतं "८०१८ द्या" म्हणणं. चंद्रपूरसारख्या थर्मल वीज केंद्रांच्या पट्ट्यात ८०१८-बी२ही मिळतो. तो बॉयलरच्या पाइपांचा, क्रोम-मॉलीचा (क्रोमियम-मॉलिब्डेनमचा) रॉड. त्यात तांबं नाही, शिवाय तो प्लेट आधी तापवून मारायचा. आकडा तोच, काम पार वेगळं. ८०१८-सी३ मिळाला तर चालेल, त्यात सुमारे एक टक्का निकेल असतं आणि उघड्या कॉर्टेनलाही तो मान्य आहे. रंग मात्र डब्ल्यू२इतका जुळत नाही.

७०१८ आणि डब्ल्यू२ दोन्ही रॉड लो हायड्रोजन, म्हणजे ओल अजिबात न चालणारे आहेत. पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा उन्हात वाळवून भागत नाही, कंपनीने डब्यावर दिलेल्या तापमानाला ओव्हनमध्येच भाजा. आणि उघड्या कामात तुटक टाके मारून फट ठेवू नका. फटीत पाणी साचलं की कॉर्टेनला वाळायला वावच मिळत नाही, मग डब्ल्यू२ मारूनही प्लेट तिथूनच खाल्ली जाते.